आमच्या नगरीचें पाणी



ज्युबिलीच्या वर्षीं माणसें हिशेब मांडतात. मंदिर केव्हां बांधलें, शाळा केव्हां निघाली, घंटा कोठून आली, कोणकोणते धर्मगुरु येथें राबले, ह्या गोष्टी अशा स्मरणिकेंत लिहिल्या जातात, व त्या लिहिल्या गेल्याच पाहिजेत. परंतु ज्या एका वस्तूवांचून मंदिर, शाळा वा वस्ती यांपैकीं कांहींच उभें राहिलें नसतें, तिचा हिशेब सहसा कोणी मांडीत नाहीं. ती वस्तु म्हणजे पाणी. चुना मळावयास पाणी लागलें, विटा भिजवावयास पाणी लागलें, आणि बाप्तिस्म्याच्या वेळीं आपल्या लेंकरांच्या मस्तकावर जें ओतलें गेलें तेंही ह्याच नगरीचें पाणी. तें पांच शतकांत कोठून कोठून आलें, आणि शहर वाढतां वाढतां पाण्याशीं असलेला त्याचा संबंध कसा पालटला, याचा थोडा इतिहास येथें सांगण्याचें योजिलें आहे.

अहमदनगर हें आपोआप वाढलेलें खेडें नव्हे. ती मुद्दाम वसविलेली राजधानी आहे. सन १४९० च्या मे महिन्यांत भिंगारजवळ मलिक अहमद यानें बहामनी सैन्याचा पराभव केला व तो अहमद निजामशहा या नांवानें स्वतंत्र झाला. जेथें विजय मिळाला त्याच परिसरांत, सीना नदीच्या डाव्या तीरावर, त्यानें १४९४ च्या सुमारास शहर आंखलें. फिरिश्ता या इतिहासकाराचें कांहीं आयुष्य याच शहरांत गेलें होतें. तो लिहितो कीं, दोन वर्षांतच नगरीची शोभा बगदाद व कैरो यांच्या तोडीस आली. दरबारी लेखणींतील अतिशयोक्ति वजा घातली तरी शहर फार वेगानें वाढलें, एवढें निश्चित.

आतां पाण्याच्या दृष्टीनें पाहिलें तर हें ठिकाण राजधानीस फारसें अनुकूल नव्हतें. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत असल्यामुळें येथें वर्षास सरासरी ५५० ते ६०० मिलिमीटर एवढाच पाऊस पडतो, आणि तोही कांहीं वर्षीं पाठ फिरवितो. शहर वसलें तेव्हां दुर्गादेवीच्या दुष्काळास पुरतीं शंभर वर्षेंही लोटलीं नव्हतीं. सीना ही बारमाही नदी नव्हे. तिचा एक उगम पश्चिमेस जामगांवाजवळ व दुसरा ईशान्येस जेऊरजवळ असून, पावसाळा सरला कीं तिचें पात्र लवकरच उघडें पडतें. जमिनीच्या पोटांत काळा कातळ आहे. त्याच्या वरच्या झिजलेल्या थरांत व भेगांत काय तें पाणी सांठतें. खालचा अभंग खडक फारसें पाणी धरीत नाहीं. म्हणून आमच्या भूमीची पाण्याची कोठी लहान. ती लवकर भरते आणि तितकीच लवकर रिती होते.

या अडचणीवर निजामशाहींतील कारागिरांनीं जो उपाय केला तो म्हणजे खापरी नळ. शहराच्या उत्तरेस व पूर्वेस गर्भगिरीच्या टेकड्या आहेत. त्या बाजूस कापूरवाडी, वडगांव, शेंडी अशा गांवांच्या शिवारांत विहिरी व कुंडें बांधून पाणी एकत्र केलें, आणि भाजलेल्या मातीचे नळ एकांत एक बसवून, चुन्यानें सांधून, तें जमिनीखालून शहरांत आणिलें. ह्या कामीं मोट नव्हती कीं रहाट नव्हता. जमिनीचा उतार हीच काय ती शक्ति. उतार फार झाला तर वेगानें सांधे फुटावयाचे, आणि कमी झाला तर गाळ बसून नळ तुंबावयाचा. कोसच्या कोस अंतरावर तो बेताचा राखणें हें मोठ्या कसबाचें काम होतें. कोंडलेली हवा बाहेर पडावी म्हणून मध्यें मध्यें उच्छ्वास उभारीत, व गाळ खालीं बसावा म्हणून हौद ठेवीत. शहरांत पोंचल्यावर हें पाणी वाडे, मशिदी, हमामखाने व रस्त्यांवरील हौद यांत खेळे. याच विद्येचा विस्तार निजामशाहीचा थोर कारभारी मलिक अंबर यानें खडकी येथें, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरांत, नहर-ए-अंबरी बांधून केला.

ह्या पाण्यावर बागा फुलल्या. शहराच्या उत्तरेस हश्त बिहिश्त बाग व आग्नेयेस फराहबाग, ज्यास लोक फऱ्याबाग म्हणतात, ह्या दोहोंतही भर तलावाच्या मधोमध महाल उभा होता. फराहबागेचा महाल १५८३ मध्यें पुरा झाला. त्याच्या भिंती आजही उभ्या आहेत, मात्र भोंवतालचा तलाव नाहींसा झाला आहे. पाण्याचा सांठा हा त्या राज्यास किल्ल्याइतकाच मोलाचा होता. सन १६२४ मध्यें मोगल व विजापूरकर यांचें संयुक्त सैन्य चालून आलें, तेव्हां मलिक अंबरानें भातोडीच्या तलावाचा बांध फोडून शत्रूच्या तळाभोंवतीं चिखल केला व त्यास जेरीस आणिलें. शहाजीराजांचे बंधु शरीफजी ह्याच लढाईंत पडले. तलाव फोडून राज्य वांचवावें लागलें, यावरून तलावांची योग्यता काय होती तें कळून येतें.

परंतु जुन्या काळाचें केवळ स्तोत्र गाणें हा इतिहास नव्हे. नळाचें पाणी प्रथम बागेस व वाड्यास मिळे. गरिबाच्या वाट्यास हौदाचा कांठ येई. आणि नळ कितीही कौशल्याचे असले तरी मुळांत डोंगरावर पाऊसच न पडला तर तेही सुकत. सन १६३० ते १६३२ च्या घोर दुष्काळांत दख्खनचीं गांवेंच्या गांवें ओस पडलीं. त्यावेळीं नळांनीं व बागांनीं कोणास तारिलें नाहीं. तथापि त्या व्यवस्थेचा एक गुण मान्य केला पाहिजे. शहराचें पाणी कोठून येतें हें शहरास ठाऊक होतें. ज्या टेकडीवर पाऊस पडे ती टेकडी नगरवासीयांस आपल्या घरावरून दिसत असे. नळाची निगा राखिली नाहीं कीं हौद रिते पडत, आणि त्याचें फळ निष्काळजी करणाऱ्यासच भोगावें लागे. शहराची वाढ जणूं डोंगराच्या खुंटीस बांधलेली होती. हा सद्गुण होता असें नव्हे, ती निरुपायाची गोष्ट होती; परंतु त्या निरुपायांतून एक शिस्त निपजली होती.

निजामशाही १६३६ मध्यें बुडाली. पुढें मोगल आले, १७५९ मध्यें किल्ला पेशव्यांकडे आला, नंतर शिंद्यांकडे गेला, आणि ऑगस्ट १८०३ मध्यें जनरल वेलस्ली यानें तो घेतला. राज्यकर्ते बदलले, पण नळ राहिले. एकोणिसाव्या शतकांतही शहर बव्हंशीं ह्याच जुन्या नळांचें पाणी पीत होतें. नगरपालिका १८५४ मध्यें स्थापन झाली. सन १८७६-७७ चा दुष्काळ पडला, त्याच सुमारास दौंड-मनमाड लोहमार्गाचें काम निघून हजारों दुष्काळग्रस्तांस त्यावर मजुरी मिळाली, व १८७८ मध्यें आगगाडी नगरास आली. आगगाडीबरोबर व्यापार वाढला, लष्करी छावणी वाढली, माणसें वाढलीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं शहर व छावणी मिळून वस्ती चाळीस हजारांच्या आसपास होती. जुने नळ पुरेनासे झाले, म्हणून नगरपालिकेनें पिंपळगांव माळवीचा तलाव जोडीस घेतला. तरीही पाणी अद्याप जवळचेंच होतें.

नळाचें शुद्ध पाणी मागण्यास लोकांस आणखी एक सबळ कारण होतें, आणि तें विसरणें अन्यायाचें होईल. उघड्या हौदांतून व पायऱ्यांच्या विहिरींतून पटकी पसरे. पायऱ्यांच्या विहिरींत माणसें पाण्यांत उतरत व त्याच पाण्यांतून नारूचा किडा अंगांत शिरे. हाताहून अधिक लांबीचा तो किडा पायांतून काढितांना होणारे हाल आमच्या आजोबा-पणजोबांनीं सोसले आहेत. भारत नारूमुक्त झाल्याचें प्रमाणपत्र मिळालें तें सन २००० मध्यें. तेव्हां घरोघर नळ आला ही मोठीच कृपा झाली. प्रश्न नळाचा नाहीं. नळाच्या दुसऱ्या टोकाचा आहे.

तें दुसरें टोंक विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत दूर गेलें. हरिश्चंद्रगडाच्या बाजूनें येणाऱ्या मुळा नदीवर राहुरी तालुक्यांत बारागांव नांदूर येथें धरण बांधण्यांत आलें. त्याची क्षमता २६ अब्ज घनफूट आहे. ह्या धरणाचें पाणी विळदमार्गें उपसून नगरच्या वसंत टेकडीवर चढविलें जातें व तेथून शहरांत सोडलें जातें. जुन्या नळांत पाणी आपल्या वजनानें खालीं येत होतें. नव्या नळांत तें विजेच्या बळानें वर चढवावें लागतें. म्हणून तिकडे वीज गेली कीं इकडे घागरी रित्या राहतात, व पावसाळ्यांतही शहरास पाण्यासाठीं खोळंबावें लागतें, हा अनुभव प्रत्येक गृहिणीस आहे.

दूरचें पाणी आलें आणि शहराची डोंगराची दोरी सुटली. १९७२ च्या दुष्काळानें अनेक कुटुंबें खेड्यांतून हललीं. नागापूरच्या औद्योगिक वसाहतीनें कामधंदा दिला. आपल्या समाजांतीलही पुष्कळ घरें राहुरी, नेवासें, श्रीरामपूर, शेवगांव या भागांतून पोटासाठीं शहरांत आलीं. नगरपालिकेची २००३ मध्यें महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या खानेसुमारींत शहराची वस्ती साडेतीन लाखांवर भरली. ही वाढ कोणाचा अपराध नव्हे. भाकरीच्या शोधांत आलेल्या माणसास परत जा म्हणण्याचा अधिकार कोणासच नाहीं. परंतु वाढतांना शहरानें ज्या वस्तु निरुपयोगी म्हणून टाकून दिल्या, त्यांकडे पाहिलें पाहिजे.

पहिली टाकली गेली ती जवळच्या पाण्याची आठवण. घरांत तोटी आली तेव्हां आडांत कचरा पडूं लागला, व पुढें ते बुजले. खापरी नळ रस्त्यांचे व इमारतींचे पाये खणतांना ठिकठिकाणीं तुटले. ज्या ओढ्यांतून टेकड्यांचें पाणी सीनेस मिळे, ते अरुंद झाले, कांहींवर घरें उठलीं. दुसरी टाकली गेली ती नदी. पाणी पिण्याची नदी ती नव्हतीच. आतां ती सांडपाणी वाहणारी झाली. शहराचें बरेंचसें सांडपाणी नाल्यांवाटे सीनेंत जात आलें आहे, आणि खालीं कर्जत तालुक्यांत निमगांव गांगर्डा येथें त्याच नदीवर धरण आहे. शहरानें जें सोडलें तें तेथील शेतकऱ्यांच्या दारीं पोंचतें. तिसरी टाकली गेली ती उघडी जमीन. पूर्वीं अंगणांत पडलेला पाऊस कांहीं मुरे, कांहीं वाही. आतां अंगणें सिमेंटानें व फरशीनें बांधलीं गेलीं, म्हणून मुरण्याचें राहिलें व सारें वाहूं लागलें. एक मोठी सर आली तर रस्त्यांचे ओढे होतात, सीना कांठच्या वस्त्यांत शिरते, आणि तीन महिन्यांनीं त्याच वस्तींत टँकरची वाट पाहिली जाते. पूर व टंचाई हीं दोन संकटें दिसतात. वस्तुतः तें एकच आहे. पाऊस जेथें पडला तेथें त्यास थांबावयास जागा उरली नाहीं. उणीव भरून काढण्यासाठीं विंधनविहिरी घेतल्या जातात. पण लहान कोठीस शेंकडों भोंकें पाडल्यानें धान्य वाढत नसतें.

कोणी म्हणेल, मुळेचें पाणी आहे तोंवर काळजी कशाची? तर मुळेचें पाणी एकट्या नगरचें नाहीं. त्याच धरणाच्या कालव्यांवर राहुरी, नेवासें, शेवगांव, पाथर्डी या तालुक्यांतील शेती आहे. मुळा प्रवरेस मिळते, प्रवरा गोदावरीस मिळते, आणि गोदावरीवर पैठणास जायकवाडीचें धरण मराठवाड्याची तहान भागवितें. सन २००५ च्या जलसंपत्ति नियमन प्राधिकरणाच्या कायद्यानें खोऱ्यांतील पाण्याच्या समान वाटपाचें तत्त्व घालून दिलें, व त्याप्रमाणें टंचाईच्या वर्षीं वरच्या धरणांतून जायकवाडीसाठीं पाणी सोडावें लागतें. २०१८ व २०२३ सालीं तें सोडण्यांत आलें. अशा वेळीं दोन्ही बाजूंनीं केवढा कलह माजतो तें सर्वांनीं पाहिलें आहे. राहुरीकडे उंसाच्या बांधावर उभा असलेला भाऊ, पैठणकडील तहानलेली बहीण आणि नगरांतील तोटी उघडी टाकून ठेवणारा गृहस्थ हे एकाच पाण्याचे वारसदार आहेत. पोप फ्रान्सिस यांनीं २०१५ च्या आपल्या विश्वपत्रांत पिण्याच्या शुद्ध पाण्याचा लाभ हा माणसाचा मूलभूत हक्क म्हटला आहे. शहरानें सांडलेली प्रत्येक घागर ह्या अर्थीं दुसऱ्या कोणाच्या तरी हक्काची असते.

नवल असें कीं, शहर जें विसरलें तें ह्याच जिल्ह्यांतील खेडीं शिकलीं. पारनेर तालुक्यांतील राळेगणसिद्धीस १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या प्रेरणेनें नाले अडवून पाणी मुरविण्याचें काम झालें. नगर तालुक्यांतच हिवरेबाजार आहे. तेथें १९८९ मध्यें पोपटराव पवार सरपंच झाले. गांवानें चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळली, श्रमदानानें डोंगरउतारांवर चर खणले, शेतीसाठीं विंधनविहिरी घेण्यास मनाई केली, आणि पाऊस किती पडला हें मोजून त्या वर्षीं कोणतें पीक घ्यावयाचें तें ग्रामसभेंत ठरविण्याची रीत पाडली. जमाखर्च पैशाचा मांडतात तसाच पाण्याचा मांडला. आपल्या ख्रिस्ती समाजास अभिमान वाटावा असें नांव येथें सांगितलें पाहिजे, तें येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांचें. स्वित्झर्लंडमध्यें जन्मलेल्या ह्या धर्मगुरूनें आपलें आयुष्य ह्या कोरडवाहू जिल्ह्यास वाहिलें. भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रमाच्या उभारणींत त्यांचा मोठा हात होता, व १९९३ मध्यें क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यांनीं वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था स्थापिली. संगमनेर तालुक्यांतील दरेवाडीसारख्या उजाड गांवीं हें काम झालें. त्याचें सूत्र साधें होतें: काम माथ्यापासून पायथ्याकडे करावें, पाणी धावत असेल तर त्यास चालावयास लावावें, चालत असेल तर थांबवावें, थांबलें कीं मुरवावें. निजामशाहीच्या कारागिरानें हेंच डोंगर पाहून नळ घातले होते. साडेचारशें वर्षांनीं खेड्यांतील शेतकऱ्यानें पुन्हां डोंगराकडे पाहिलें. आतां शहरानें पहावयाचें राहिलें आहे.

शहरास हें शक्य आहे काय? एक साधा हिशेब करून पाहूं. एक हजार चौरस फुटांच्या छपरावर वर्षाकांठीं ५५० मिलिमीटर पाऊस पडला, तर त्या एका छपरावर पन्नास हजार लिटरांहून अधिक पाणी पडतें. त्यांतील कांहीं उडून व सांडून गेलें तरी उरलेलें जमिनींत मुरविल्यास जवळची विहीर कांहीं आठवडे अधिक टिकेल. मंदिर, शाळा, वसतिगृह, दवाखाना यांचीं छपरें याहून किती तरी मोठीं असतात. ज्या आवारांत जुना आड आहे, तेथें तो बुजवूं नये. गाळ काढून, तोंड बांधून, छपराचें पाणी गाळून त्यांत सोडावें. अंगण सगळेंच फरशीखालीं घालूं नये. झाडाभोंवतीं व भिंतीकडेनें माती मोकळी ठेवावी. ओढ्याच्या पात्रांत स्वस्त मिळते म्हणून जागा घेऊं नये. ती जागा ओढ्याचीच आहे, व एखाद्या पावसाळ्यांत तो ती परत मागतो. आणि सीनेंत जाणारें सांडपाणी शुद्ध होऊनच जावें, शिल्लक राहिलेले खापरी नळ व उच्छ्वास जपले जावे, हें महानगरपालिकेस नागरिक ह्या नात्यानें एकमुखानें सांगावें. ह्या गोष्टींस मोठें भांडवल लागत नाहीं. लागते ती नेहमींची निगा, आणि तीच आमच्या अंगवळणीं पडलेली नाहीं.

सन २०२४ मध्यें ह्या शहरास व जिल्ह्यास अहिल्यानगर असें नांव मिळालें. ज्या अहिल्याबाई होळकरांचें हें नांव, त्या ह्याच जिल्ह्यांतील चौंडीच्या कन्या. आणि देशभर त्यांची कीर्ति आहे ती विहिरी, बारवा व घाट बांधणारी राणी म्हणून. नांव घेतलें कीं त्याबरोबर वसाही येतो. बारवा बांधणारीचें नांव लावणाऱ्या नगरीनें आपले आड बुजवावे, हें शोभण्यासारखें नाहीं.

पवित्र शास्त्राच्या उत्पत्तीच्या पुस्तकांत इसहाकाची एक गोष्ट आहे. त्याचा बाप अब्राहाम यानें खणलेल्या विहिरी पलिष्ट्यांनीं मातीनें बुजविल्या होत्या. इसहाकानें त्या पुन्हां उकरल्या व बापानें दिलेलीं नांवेंच त्यांस ठेविलीं. त्यांवरून तंटेही झाले. तेव्हां तो पुढें सरकला व आणखी खणीत राहिला, शेवटीं सर्वांस पुरेल अशी जागा मिळाली. मोठ्या पराक्रमांच्या कथांत ही लहानशी गोष्ट आहे, पण आमच्या नगरीस ती फार जवळची आहे. आमच्याही वाडवडिलांच्या विहिरी मातीखालीं आहेत, त्यांचीं नांवें अजून कांहीं वृद्धांच्या तोंडीं आहेत, आणि डोंगर तर समोरच उभे आहेत.

पुढील ज्युबिलीची स्मरणिका आजचीं बालकें लिहितील. त्यांनीं मंदिराचा रंग केव्हां बदलला हें लिहावें, शाळेचे मजले मोजावे, आणि त्याबरोबर आवारांतील विहिरीस चैत्रांत किती हात पाणी असतें हेंही आनंदानें लिहावें, एवढें करणें आपल्या हातीं आहे.